'नॉर्मा जीन' या ख्रिस्ती मेटलकोर बँडचा पहिला अल्बम : श्रोत्यांची मते आणि ख्रिस्तसभेची दृष्टी



शिरूर, रांजणगाव किंवा दौंड येथील एखाद्या ख्रिस्ती घरात संध्याकाळची रोझरी आटोपते आणि घरातील तरुण मुलगा पुन्हा हेडफोन कानाला लावतो. आईच्या कानावर जे पुसटसे पडते, त्यात तिला गाणे ऐकू येत नाही. ऐकू येते ती किंकाळी, ढोलाचा गडगडाट आणि करवतीसारखी गिटार. हे काय ऐकतोस, असे विचारले तर उत्तर मिळते, "आई, हे ख्रिस्तीच गाणे आहे." हे उत्तर खरे मानावे की टाळाटाळ समजावी, हे तिला कळत नाही. धर्मगुरूंना विचारावे, तर त्यांनीही हा प्रकार बहुधा ऐकलेला नसतो.

त्या मुलाचे उत्तर खरे असू शकते. 'ख्रिस्ती मेटलकोर' नावाचा संगीतप्रकार अस्तित्वात आहे, त्याला तीन दशकांचा इतिहास आहे, आणि त्याविषयी ख्रिस्ती श्रोत्यांनी आपापसांत पुष्कळ वाद घातलेला आहे. त्या वादाची ओळख करून देण्यासाठी येथे एकच अल्बम निवडला आहे : अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील डग्लसव्हिल येथील 'नॉर्मा जीन' या बँडचा 'ब्लेस द मार्टर अँड किस द चाइल्ड'. हा अल्बम ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ साधारणपणे 'रक्तसाक्ष्याला आशीर्वाद दे आणि बालकाचे चुंबन घे' असा होतो.

मेटलकोर म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या अखेरीस 'हार्डकोर पंक' आणि 'हेवी मेटल' या दोन प्रवाहांच्या मिश्रणातून हा प्रकार घडला. पंकने त्याला वेग, संताप आणि साधेपणा दिला. मेटलने जड, खर्जातील गिटार दिली. गायक गात नाही, ओरडतो. हे ओरडणे मात्र वाटते तसे बेशिस्त नसते. घसा फाटू नये म्हणून कंठातील खऱ्या स्वररज्जूंच्या वरच्या घड्यांचा उपयोग करून ते शिकावे लागते. गाण्याच्या मध्येच सर्व वाद्ये एकदम मंदावतात आणि घणाचे घाव पडावेत तशी ठोक्याठोक्याने वाजू लागतात. त्याला 'ब्रेकडाउन' म्हणतात. श्रोत्यांचा जमाव त्याच क्षणी सर्वाधिक उसळतो. ज्याने आपल्या भागातील मिरवणुकीत ढोल-ताशांचे पथक जवळून ऐकले आहे, किंवा जत्रेत हलगी कडाडताना ज्याच्या छातीत ठोका उमटला आहे, त्याला हा परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही. आवाज कानाने कमी आणि अंगाने अधिक ऐकला जातो.

अमेरिकेत ख्रिस्ती तरुणांनी हा मार्ग धरण्यापूर्वीच ख्रिस्ती रॉक आणि ख्रिस्ती मेटल रूढ झाले होते. 'स्ट्रायपर' या बँडचा 'टू हेल विथ द डेव्हिल' हा १९८६ चा अल्बम अमेरिकेत दहा लाखांहून अधिक खपला. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये अशा संगीताविरुद्ध पुस्तकच लिहिले आणि त्याला मेंढराच्या कातड्यातील लांडगा ठरवले. वाद तेव्हापासूनचा आहे. पुढे सिएटल येथील 'टूथ अँड नेल' या ध्वनिमुद्रण संस्थेने १९९७ मध्ये जड संगीतासाठी 'सॉलिड स्टेट' ही शाखा काढली आणि या प्रकारच्या बहुतेक बँडना तेथे घर मिळाले. नॉर्मा जीन त्यांपैकीच एक.

अल्बम आणि त्याचे पहिले श्रोते

काटेकोरपणे पाहिले तर हा या मुलांचा अगदी पहिला अल्बम नव्हे. आधी त्यांच्या बँडचे नाव 'लुटी-क्रिस' असे होते आणि त्या नावाने २००१ मध्ये त्यांचा एक अल्बम निघाला होता. त्याच सुमारास जवळजवळ तसाच उच्चार असलेल्या नावाचा एक रॅप गायक प्रसिद्धीस आला. गोंधळ टाळण्यासाठी त्यांनी नाव बदलले आणि चित्रपट अभिनेत्री मॅरिलिन मन्रो हिचे जन्मनाव घेतले. नव्या नावाबरोबर संगीतही पालटले. 'किलस्विच एंगेज' या बँडचे गिटारवादक अ‍ॅडम डुटकिविच यांच्या देखरेखीखाली हा अल्बम तयार झाला. सर्वांनी एकत्र वाजवायचे आणि ते टेपवर उतरवायचे, अशी जुनी पद्धत त्यासाठी वापरण्यात आली. संगणकावर तुकडे जोडून गाणे घडवण्याची रीत टाळली गेली. त्यामुळे अल्बम खरखरीत आणि असमान ऐकू येतो, जणू शेजारच्या खोलीत तालीम चालू आहे. अकरा गाणी आहेत. त्यांतील एक सुमारे पंधरा मिनिटांचे आहे. गाण्यांची नावे लांबलचक आणि गूढ आहेत. एका गाण्याचे नाव तर मोबाइल फोन आणि मोटार-अपघात यांच्याविषयीच्या द्वेषाबद्दल आहे.

श्रोत्यांची मते पहिल्यापासून फाटली. लुटी-क्रिस आवडणाऱ्यांपैकी काहींना हा बदल मानवला नाही, तर काहींना बँडला आता कोठे स्वतःचा आवाज सापडला असे वाटले. हार्डकोरच्या मुरलेल्या श्रोत्यांनी दुसरीच तक्रार केली. सिएटलकडील 'बॉच' आणि बोस्टनकडील 'कन्व्हर्ज' या धर्मनिरपेक्ष बँडनी १९९९ आणि २००१ मध्ये जे केले होते, त्याची ही नक्कल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विशेषतः बॉचचे ऋण इतके उघड आहे की ख्रिस्ती तरुणांना तेच संगीत 'सुरक्षित' वेष्टनात विकले जात आहे, असा टोमणाही मारला गेला. या तक्रारीत तथ्य आहे. प्रस्तुत लेखकाने तिन्ही ऐकल्यावर साम्य जाणवल्यावाचून राहिले नाही. परंतु ख्रिस्ती संगीताच्या इतिहासात उसन्या चालींचे वावडे कधीच नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

बहुसंख्य चाहत्यांनी मात्र अल्बम उचलून धरला आणि आजही अनेकांच्या मते बँडचे हेच सर्वोत्तम काम आहे. ते सर्वाधिक नाव घेतात 'मेम्फिस विल बी लेड टू वेस्ट' या गाण्याचे. त्यात 'मीविदाउटयू' या बँडचे गायक अ‍ॅरन वाइस यांचाही आवाज आहे. गाणे दीर्घ आहे आणि त्याचा शेवट एकाच ठोक्याच्या आवर्तनाने होतो. ज्यांना हा प्रकार अजिबात रुचत नाही, त्यांनी निदान एवढे एक गाणे शब्द समोर ठेवून ऐकावे आणि मग मत बनवावे.

येशूचे नाव कोठे आहे?

ख्रिस्ती श्रोत्यांमधला खरा वाद संगीतापेक्षा शब्दांविषयी झाला, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

एका गटाचे म्हणणे सरळ होते. प्रभूचे नाव गाण्यात स्पष्टपणे येत नाही, शास्त्रवचन येत नाही, आणि जे येते ते ओरडण्यामुळे कळत नाही. मग या अल्बमला ख्रिस्ती का म्हणायचे? बँडचे सदस्य ख्रिस्ती आहेत म्हणून? सुताराने केलेली खुर्ची, सुतार ख्रिस्ती असल्यामुळे ख्रिस्ती होते काय? गायक जॉश स्कोगिन यांनी लिहिलेले शब्द खरोखरच दुर्बोध आहेत. त्यांत प्रतिमा आहेत, आरसे आहेत, चेहरे आहेत, दांभिकपणाची चीड आहे. पण उपदेश नाही. 'द ह्यूमन फेस, डिव्हाइन' या गाण्याचे शीर्षक मिल्टनच्या महाकाव्यातील शब्दसमूहाची आठवण देते, पण किती वीस वर्षांच्या श्रोत्यांना ते उमगले असेल?

दुसऱ्या गटाला तोच गुण वाटला. चर्चमध्ये वाढलेल्या अनेक तरुणांना गोड, आनंदी, सर्व प्रश्न सुटलेले स्तुतिगान ऐकून असे वाटू लागले होते की, आपल्या मनातील अंधार देवासमोर नेण्याची सोयच नाही. घरात मृत्यू झालेला असो, स्वतःच्या पापाची किळस आलेली असो, प्रार्थना करूनही काही ऐकू येत नसो, गाणे मात्र नेहमी विजयाचेच. अशांना या किंकाळीत प्रामाणिकपणा दिसला. कोणी तरी त्यांच्या वतीने ओरडत होते, आणि तो ओरडणारा विश्वास सोडून गेलेला नव्हता.

तिसरा गट होता अविश्वासी श्रोत्यांचा. त्यांच्यापैकी कित्येकांना हा बँड ख्रिस्ती आहे हे पुष्कळ उशिरा कळले, आणि कळल्यावरही ते ऐकत राहिले. २००६ मध्ये नॉर्मा जीनने 'ओझफेस्ट' या महोत्सवात भाग घेतला. ज्यांच्या नावाने तो भरे, ते ऑझी ऑस्बोर्न म्हणजे अनेक ख्रिस्ती पालकांच्या लेखी सैतानी संगीताचे मूर्तिमंत उदाहरण! काही श्रद्धावंतांना हे घसरणे वाटले, काहींना जकातदारांच्या पंगतीत बसणाऱ्या प्रभूची आठवण झाली.

पहिल्या गटाचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या दहाव्या भागात नेमकी हीच चिंता मांडली आहे. गायलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून दोष घडतो, असे ते कबूल करतात; आणि तरीही दुर्बल मनाला भक्तीकडे नेणारे म्हणून चर्चमधील गायनाला ते संमती देतात. मेटलकोरच्या श्रोत्याला हा निकष चांगलाच लागू पडतो. ब्रेकडाउनच्या धक्क्यासाठी ऐकणे आणि आशयासाठी ऐकणे यांत फरक आहे, आणि तो फरक ऐकणाऱ्यालाच माहीत असतो. शब्द कळत नाहीत हा आक्षेप मात्र आपण थोड्या नम्रतेने घ्यावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी आपल्या आजी-आजोबांनी वर्षानुवर्षे लॅटिन मिस्सा ऐकली, आणि शब्द न कळताही त्यांची श्रद्धा टिकली. त्यांच्या हातात भाषांतराची पुस्तिका असे. या श्रोत्यांच्या हातात अल्बमसोबतची शब्दपुस्तिका असते.

विलाप हीसुद्धा प्रार्थना

पवित्र शास्त्राच्या वाचकाला दुसऱ्या गटाचे म्हणणे अपरिचित वाटू नये. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापस्तोत्रे आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट आशेकडे वळतो, पण ८८ वे स्तोत्र वळत नाही; ते अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने ते वगळले नाही, तर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले. योबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. आणि क्रुसावर प्रभू येशूने २२ व्या स्तोत्राचा आरंभ उच्चारला, तो कुजबुजीने नव्हे. संत मत्तय आणि संत मार्क दोघेही सांगतात की, त्याने मोठ्याने आक्रोश केला. हा भाग वाचताना आपण आवाज खाली आणतो. शुभवर्तमानात मात्र तो वर जातो.

मराठी माणसाला तर हे घरचेच आहे. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेले भांडण, त्याला घातलेले टोमणे, त्याच्या न येण्याने झालेली तळमळ या सर्वांना वारकरी परंपरेने भक्तीच मानले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी कबुली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दिली होती.

आपल्या परिसरातील जुना वाद

टिळकांचे नाव आले म्हणजे शिरूरच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, जो आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात नगर आणि शिरूर ही दोन्ही अमेरिकन मराठी मिशनची केंद्रे होती. पाश्चात्त्य वृत्तांवर बेतलेली, ऑर्गनच्या सुरात म्हणायची मराठी गीते तेव्हा ख्रिस्ती उपासनेत रूढ होती. नगरच्या कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या रूपाने सांगण्यास प्रारंभ केला. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओव्या आणि भजने रचून मराठी ख्रिस्ती गायनाचा चेहराच बदलला. टाळ, मृदंग, वीणा ही हिंदू देवळातील वाद्ये. त्यांच्या साथीने येशूचे नाव घ्यावे काय, हा प्रश्न त्या काळच्या श्रोत्यांपुढे उभा राहिला होता. ज्या चालीवर काल विठ्ठलाचे भजन म्हटले, त्याच चालीवर आज ख्रिस्ताचे म्हणताना मन खरोखर कोणाकडे जाते? प्रश्न खोटा नव्हता. पण आज हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत पेटी आणि ढोलकीच्या साथीने भजने रंगतात, तेव्हा तो कोणालाही आठवत नाही.

कॅथोलिक परंपरेत हेच पाऊल त्याहून पुष्कळ आधी पडले होते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्याच ओळखीच्या रूपात तारणाचा इतिहास मिळावा, हा त्यामागचा हेतू होता.

हे दाखले देऊन मेटलकोर आणि ओवी यांना एका पंक्तीत बसवण्याचा हेतू नाही. ओवी आपल्या मातीतली आहे, मेटलकोर नाही. आणि स्टीफन्स किंवा टिळक यांच्या शब्दांत ख्रिस्त शोधावा लागत नाही. साम्य एवढेच की, नवे रूप आले तेव्हा श्रद्धावंत श्रोते प्रथम आवाजाने बिचकले आणि शब्दांकडे नंतर वळले.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे. उपासनेत काय वाजावे, हा एक प्रश्न. घरी, प्रवासात, मित्रांबरोबर श्रद्धावंताने काय ऐकावे, हा दुसरा.

पहिल्याविषयी ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. पोप संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी प्रसृत केलेल्या आदेशात चर्चमध्ये पियानोला, तसेच ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटी वाद्यांना मनाई केली होती. (१५० वे स्तोत्र झणझणीत झांजांनी देवाची स्तुती करावयास सांगते, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या पवित्र उपासनाविषयक संविधानात दृष्टी व्यापक केली. संगीत उपासनेतील कृतीशी जितके घट्ट जोडलेले, तितके ते पवित्र, असे ११२ वे कलम सांगते. ११६ वे कलम ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देते, ११९ वे कलम मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगते, आणि १२० वे कलम इतर वाद्यांना अनुमती देताना ती पवित्र उपयोगास साजेशी असावीत आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांची संमती असावी, अशी अट घालते. आपल्या चर्चमधील तबला, पेटी आणि ढोलकी या दाराने आत आली. मेटलकोर या दाराने येऊ शकत नाही. त्यात सर्वांनी मिळून गाता येत नाही, मौनाला जागा राहत नाही आणि वेदीकडील लक्ष मंचाकडे जाते. युवामेळाव्याच्या मिस्सामध्ये 'तरुणांना आवडते म्हणून' असे काही करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कार्डिनल योसेफ रात्सिंगर, म्हणजे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक ग्रंथात रॉक संगीताच्या महोत्सवांवर कठोर टीका केली होती. त्या गर्दीत माणूस लय, गोंगाट आणि दिव्यांच्या झोतात स्वतःला हरवून बसतो आणि त्याला एका प्रति-उपासनेचे रूप येते, असा त्यांचा आशय होता. पोप संत दुसरे जॉन पॉल यांचा कल निराळा होता. सप्टेंबर १९९७ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे बॉब डिलन यांनी त्यांच्यासमोर गायन केले आणि पोपमहाशयांनी डिलन यांच्याच प्रसिद्ध गीतातील वाऱ्याच्या प्रतिमेवरून तरुणांशी पवित्र आत्म्याविषयी संवाद साधला. अशा 'संदेष्ट्यांना' मंचावर आणणे योग्य होते काय, याविषयी आपल्याला शंका होती, हे बेनेडिक्ट यांनी २००७ मधील आठवणींत मोकळेपणाने लिहिले. दोन पोप, एकच सभा, दोन कान.

याच इटलीत कपुचिन संघाचे ब्रदर चेझारे बोनित्सी यांनी 'फ्रातेल्लो मेताल्लो' म्हणजे 'धातुबंधू' या नावाने चक्क हेवी मेटल गायले. पांढरी दाढी, तपकिरी झगा आणि कमरेला दोरी अशा वेषात ते २००८ मध्ये बोलोन्या येथील मोठ्या मेटल महोत्सवात उतरले. त्याच वर्षी त्यांचा 'मिस्तेरी' हा अल्बम निघाला. २००९ मध्ये त्यांनी हे थांबवले. प्रसिद्धीच्या झोताने आपल्याला आपल्या बंधूंपासून दूर नेण्याचा धोका निर्माण झाला, असे त्यांना वाटले. संगीताने बिघडवले असे ते म्हणाले नाहीत. प्रसिद्धीचे नाव घेतले.

बिल्ला आणि विश्वास

ही गोष्ट पालकांपेक्षा तरुणांनी अधिक गंभीरपणे घ्यावी. 'ख्रिस्ती बँड' हा बिल्ला विकला जातो. 'अ‍ॅज आय ले डाइंग' हा कॅलिफोर्नियातील बँड या प्रकारातील सर्वांत नावाजलेल्यांपैकी एक. त्याचे गायक टिम लॅम्बेसिस यांना मे २०१३ मध्ये विभक्त पत्नीच्या हत्येची सुपारी देण्याच्या प्रयत्नाबद्दल अटक झाली. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आपला विश्वास त्याआधीच गेला होता आणि तरीही आपण ख्रिस्ती म्हणवून घेत राहिलो, असेही त्यांनी नंतर सांगितले. ज्या मुलामुलींनी त्यांच्या शब्दांवर आपली प्रार्थना उभारली होती, त्यांना केवढा धक्का बसला असेल! 'अंडरओथ' हा बँड २००६ मध्ये अमेरिकेच्या मुख्य विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता. २०१८ पर्यंत त्याने ख्रिस्ती बँड ही ओळख उघडपणे सोडली. त्यांनी निदान खोटे बोलणे थांबवले, असे म्हणणारे श्रोतेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

नॉर्मा जीनच्या बाबतीत चाहते आवर्जून सांगतात ती आठवण वेगळी आहे. पहिल्या अल्बमनंतर लवकरच जॉश स्कोगिन यांनी बँड सोडला. अखेरच्या कार्यक्रमात त्यांनी मंचावर आपल्या सहकाऱ्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी आपल्या धर्मगुरूंना गुडघ्यांवर बसून पाय धुताना ज्याने पाहिले आहे, त्याला त्या कृतीचा अर्थ सांगावा लागणार नाही. स्कोगिन यांनी पुढे 'द चॅरिअट' हा बँड काढला, तो २०१३ पर्यंत चालला. नॉर्मा जीन नव्या गायकासह चालू राहिला. २००५ मधील त्यांच्या पुढच्या अल्बमला वेष्टनाच्या कलेसाठी ग्रॅमी नामांकन मिळाले आणि २०२२ मध्येही त्यांचा नवा अल्बम आला. जुने श्रोते अजूनही भांडतात की पहिल्यासारखे पुन्हा काही झाले नाही.

पालकांसाठी आणि युवामंडळांसाठी

मुलाच्या हातातून फोन काढून घेण्यापूर्वी त्याच्याकडून एका गाण्याचे शब्द मागावेत. शब्द बहुतेक वेळा मिळतात. ते त्यानेच मराठीत समजावून सांगावेत. त्याला सांगता आले नाही, तर तो आशय ऐकत नाही, ठोका ऐकतो, हे त्याचे त्यालाच कळेल. सांगता आले, तर त्याच्या मनात काय चालले आहे हे आईवडिलांना कदाचित प्रथमच कळेल. रांजणगावच्या कारखान्यात पाळी करून आलेला, नोकरीच्या कायमपणाची खात्री नसलेला तरुण विलापाकडे का ओढला जातो, याचे उत्तर गाण्यात कमी आणि त्याच्या दिवसात अधिक सापडेल. मात्र तो सतत निराशेचीच गाणी ऐकत असेल, झोप उडाली असेल, लोकांत मिसळणे थांबले असेल, तर वाद संगीताशी घालत बसू नये. धर्मगुरूंशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

युवामंडळाच्या बैठकीत असा एखादा अल्बम चर्चेसाठी घेण्यास हरकत नाही. ८८ वे स्तोत्र आधी वाचावे, मग गाणे ऐकावे, आणि ज्यांना ते असह्य वाटते त्यांनाही बोलू द्यावे.

आवाजाविषयी शेवटची सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. मुलांसाठी ती पातळी ७५ डेसिबल आहे. मेटलकोर हळू आवाजात ऐकण्याची कोणाचीच प्रवृत्ती नसते. बहुतेक फोनमध्ये हेडफोनचा आवाज ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देण्याची सोय असते. ती सुरू करून ठेवावी.